उजव्या कानावरचं बोट

आमची पोस्ट डोंगराच्या एका धारेवर होती. अठरा माणसं, दोन फायबरच्या झोपड्या, एक रेडिओ आणि एक औषधांची पेटी. पेटी माझ्या ताब्यात. मी नायक हणमंत, नर्सिंग असिस्टंट, राहणार कन्हेरी, तालुका बारामती. मी डॉक्टर नव्हे. पण वर डॉक्टर कुणीच नसतो, म्हणून पोस्टवर सगळे मला ‘डॉक्टरसाब’ म्हणायचे. खरे डॉक्टर, म्हणजे आमच्या पलटणीचे कॅप्टन साहेब, खाली बेसवर असायचे. उतरून जायचं तर पाच तास, रेडिओवर बोलायचं तर एक मिनिट.

आता मी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्याच्या फर्स्ट एड रूममध्ये बसतो. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की मॅनेजर माईक माझ्या हातात देतात आणि म्हणतात, “फौजी, एखादी चकमक सांगा.” दर वर्षी मी दोन मिनिटं थंडीबद्दल बोलतो आणि खाली बसतो. त्या माईकचा मला राग येतो. लोकांना गोळीची गोष्ट पाहिजे असते. माझ्या हातावर जो माणूस गेला तो गोळीनं गेला नाही, कानानं गेला. त्यात माझाही हात होता. एकदा नीट सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही.

पोस्टवर ०६०० वाजता पहिला रेडिओ चेक. ०६३० ला चहा. ०७०० ला माझी सिक परेड, म्हणजे ज्याला काही दुखतंय त्यानं माझ्यापुढं येऊन बसायचं. तुम्हाला वाटेल फौजेत जखमा बघत असतील. मी कान बघायचो. थंडीनं काळ्यानिळ्या पडलेल्या कानाच्या पाळ्या. सर्दी असताना हेलिकॉप्टरनं वर आलेला जवान, दोन दिवस कानात दडे बसलेले. काडेपेटीची काडी, पेनचं टोपण, किल्ली, जे हाताला लागेल ते कानात घालणारे शूर शिपाई. एकानं तर रायफल साफ करायच्या तारेला कापूस गुंडाळून कान कोरला होता. मी त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. कानातला मळ ही घाण नाही. तो कानाची राखण करतो आणि आपला आपण बाहेर येतो. तुम्ही काडी घालता तेव्हा तो आत ठोसून पडद्यावर नेऊन बसवता. हे मी एकेकाला अठरा वेळा सांगितलं. ऐकतोय कोण?

आणि तेल! तेलावर माझा भारी राग. कान दुखला की तेल, खाजला की तेल, काहीच झालं नाही तरी रविवारी तेल. ओल्या कानात बुरशी धरते, काळी, पावावर येते तशी. ती मी चिमट्यानं ओढून काढायचो, आणि चार दिवसांनी तोच गडी पुन्हा कानात तेल घालून यायचा. म्हणायचा, “डॉक्टरसाब, आमच्या आईनं सांगितलंय.”

लान्स नायक नवनाथ आमचा रेडिओ ऑपरेटर. डाळजचा. भिगवणच्या जवळ, सोलापूर हायवेला लागून गाव आहे, तालुका इंदापूर. गावामागं धरणाचा फुगवटा. त्या पाण्यात हा पोहायला शिकला. शिडशिडीत गडी, मिशीला रोज कात्री, आणि कानात अत्तराचा फाया. हीना. आठ आठ दिवस अंघोळ न मिळणाऱ्या पोस्टवर हा एकटा वासाचा. पोरं त्याला ‘नवाब’ म्हणायची. पोस्टचे प्रमुख सुभेदार साहेब म्हणायचे, “नवाब, दुश्मन तुझे सूँघ के ढूँढ लेगा.” तो हसायचा.

माझ्याशी त्याचं जमायचं कारण साधं. अठरा जणांत मराठी आम्ही दोघंच, आणि त्यातही गाववाले. कन्हेरी ते डाळज गाडीवर तासाभराचा रस्ता. फौजेत गाववाला म्हणजे सख्ख्या भावाच्या वरचा. तुमच्याकडं काय असेल ते असो, आमच्याकडं गाववाल्याला नाही म्हणायची पद्धत नाही. ही पद्धत मला आज विषासारखी वाटते.

ऑगस्टमध्ये एकदा बर्फाळ वारा सुटला म्हणून आम्ही दुपारी स्टोव्हला चिकटून बसलो होतो. तो माझ्या उजव्या हाताला, त्याचा डावा कान माझ्याकडं. झोपडी तापली तसा हीनाच्या खालून दुसरा वास आला. मेलेल्या उंदराचा. मी नाक पुढं नेलं. तो मागं सरकला.

“फाया काढ,” मी म्हणालो.

“कशाला?”

“काढ म्हणतो ना!”

त्यानं काढला. कापसाला पिवळट ओल होती. थोडीशीच. मी टॉर्चला कानात घालायची नळी लावली आणि बघितलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात भोक आणि त्यात पांढरा पापुद्रा साठलेला. हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगला असताना असले दोन कान मी पाहिले होते. ज्याचा कान भरपूर वाहतो आणि वास मारत नाही, त्याच्यापाशी थोडा वेळ असतो. थोडंच वाहतो, दुखत नाही, पण घाण वास मारतो, तो रोग वाईट. तो आतल्या आत हाड खातो. हे मला ठाऊक होतं, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

“कधीपासनं?”

“लहानपणी वाहायचा. मग बंद झाला. भरतीच्या येळी बराच व्हता. आता परत दोन वरीस झाली.”

“ऐकू येतं?”

“त्या बाजूनं कमी. म्हणून तर हेडफोन उजव्या कानाला लावतो.”

मी म्हणालो, “उद्या रेडिओवर कॅप्टन साहेबांना सांगतो. ऑपरेशन लागतंय हे.”

त्यानं माझा हात धरला. “हणमंतराव, मार्चला माझा प्रमोशनचा कॅडर कोर्स हाय. कान लिवला तर लो मेडिकल करत्यात. नायक व्हायचं राह्यलं, रेडिओचा सेटपण काढून घेतील. मला शिधा मोजाय बसवत्याल स्टोअरमदी. तेवढा कॅडर होऊ द्या. मग तुमी म्हनाल तितं कान कापून घेतो.”

मी म्हणालो, “मार्चपर्यंत. एक दिवस पुढं नाही.”

मी त्याला थेंब दिले. रोज सिक परेड संपली की कान पुसून द्यायचो. माझ्या रजिस्टरला त्याचं नाव कधी लागलं नाही.

नोव्हेंबरमध्ये आमची वार्षिक मेडिकल झाली. त्यासाठी तुकड्या तुकड्यानं बेसवर उतरावं लागलं. नव्वद जवान, एक डॉक्टर. कॅप्टन साहेबांनी त्याच्या डाव्या कानात बघितलं. आदल्या दिवशी मी तो लख्ख पुसून वर मेणासारखं औषध सोडलं होतं.

“ये क्या है?”

“मळ आहे, सर,” मी म्हणालो. “थेंब चालू आहेत.”

“ठीक है. व्हिस्पर टेस्ट.”

ही टेस्ट कशी असते ते सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. जवान पाठ करून उभा राहतो. डॉक्टर सहा मीटरवरून कुजबुजतात, आकडे किंवा शब्द. जवानानं ते मोठ्यानं म्हणायचे. एका वेळी एकच कान तपासायचा, म्हणून दुसऱ्या कानावर मदतनीस बोट दाबून धरतो. कानाच्या भोकापुढं जो छोटा उंचवटा असतो तो आत दाबायचा, म्हणजे तो कान बंद होतो. त्या दिवशी मदतनीस मी होतो. डावा कान तपासायचा होता. माझं बोट नवनाथच्या उजव्या कानावर होतं.

मी दाबलं नाही. नुसतं ठेवलं.

साहेब कुजबुजले. नवनाथ म्हणाला, “बत्तीस.” साहेब कुजबुजले. “सतरा.” सगळं बरोबर. चांगल्या कानानं ऐकून बिघडलेला कान पास झाला. बाहेर आल्यावर त्यानं माझ्या पाठीत थाप मारली आणि डोळा मारला. मीही हसलो. लाज वाटायला पाहिजे होती, पण त्या दिवशी मला हुशारीच वाटली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवनाथ खूश होऊन माझ्याकडं आला. फाया दाखवला. कोरडा.

“बंद झाला की वो! दोन दिस झालं, थेंब न्हाय.”

मी बघितलं. कानाची वाट सुजून बारीक झाली होती, आतलं नीट दिसलं नाही. पण कोरडी होती. मी म्हणालो, “बघ, औषध लागू पडलं.” त्यानं डाळजहून आलेली शेंगदाण्याची चिक्की सगळ्या पोस्टला वाटली. कारण कुणालाच सांगितलं नाही.

वाहणारा कान एकदम बंद होतो आणि मग डोकं दुखायला लागतं, तेव्हा पू बाहेर यायचा थांबलेला असतो, व्हायचा थांबलेला नसतो. तो आत दुसरी वाट काढतो. हे एक वाक्य मला नंतर एका मोठ्या डॉक्टरांनी ऐकवलं. ते माझ्या पुस्तकातही होतं. मी ते वाचून परीक्षा पास झालो होतो.

तीन दिवसांनी, ०६०० चा रेडिओ चेक नवनाथनं केला. आवाज बारीक होता. ०६२० ला चहा ओकला. ०६४० ला मी ताप बघितला, एकशे एक. डोकं फुटतंय म्हणाला. उंचीवर डोकं दुखणं आणि ओकारी ही रोजची गोष्ट. खाली बेसवर तेव्हा फ्लूनं चार जण पडले होते आणि त्यांच्यातला एक आठवड्यापूर्वी वर येऊन गेला होता. ०७२० ला मी सेटवर बसलो. नवनाथ शेजारी झोपलेला. जोडीचा ऑपरेटर नवीन होता, त्यानं स्पीकर मोठा ठेवला होता, त्यामुळं सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं.

मी लक्षणं सांगितली. कॅप्टन साहेबांनी एकेक प्रश्न विचारला. मान ताठ? नाही, सर. शुद्ध? ठीक, सर. दम? नाही, सर.

“सुनो. हेलिकॉप्टर ०९३० को बगल की पोस्ट पे आ रहा है. एक मरीज़ की जगह है. ज़रूरत है तो मोड़ दूँगा. कान की कोई हिस्ट्री? कान बहता है? ओव्हर.”

मी नवनाथकडं बघितलं. त्याचे डोळे माझ्यावर होते. त्यानं माझी बाही धरली आणि मान हलवली. नाही. जोरानं नाही. मार्च सात आठवड्यांवर आला होता.

आणि एक गोष्ट आजवर मी कमी लोकांना सांगितली आहे. मी फक्त त्याच्यासाठी गप्प बसलो नाही. कान सांगितला असता तर पहिला प्रश्न आला असता, नोव्हेंबरमध्ये बोट कुणाचं होतं? मी माझी कातडीही वाचवत होतो.

“निल, सर,” मी म्हणालो. “कान की हिस्ट्री निल. ओव्हर.”

“ठीक. फ्लू होगा. ऑब्झर्व करो. दो घंटे में रिपोर्ट. आउट.”

०९२० ला मी रिपोर्ट दिला, फरक नाही. ०९३५ ला हेलिकॉप्टर आमच्या समोरून गेलं. आकाश निळं होतं. नवनाथनं आवाज ऐकला आणि म्हणाला, “चाललं वाटतं.” मी हो म्हणालो. १००० ला धारेच्या पलीकडून ढग चढायला लागले. ११०० ला समोरची झोपडी दिसेना.

११४० ला मी त्याला गोळी द्यायला उठवलं. त्यानं मला माझ्या नावानं नाही, भलत्याच नावानं हाक मारली. तोंड उजवीकडं ओढलं गेलं होतं. डावा डोळा मिटत नव्हता. मी त्याची हनुवटी छातीला लावायला गेलो, मान लाकडासारखी. डाव्या कानामागं हात लावला तर तो कळवळून ओरडला. तिथं सूज आली होती, कान पुढं ढकलला गेला होता. ती सकाळी होती की नाही, सांगता येत नाही. कारण सकाळी मी तिथं हातच लावला नव्हता.

मी सेट ओढला. “सर, चुकीची माहिती दिली होती. डावा कान दोन वर्षं वाहतोय. घाण वास. पाच दिवसांपासून बंद. आता तोंड वाकडं, मान ताठ. मला आधीपासून माहीत होतं. ओव्हर.”

नुसती खरखर. मग साहेबांचा आवाज आला, अगदी सपाट. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. कोणतं इंजेक्शन, किती, शिरेतून, लगेच. हेलिकॉप्टर नाही, हवा खराब. स्ट्रेचरवर खाली आणा, मी वर निघतो, अर्ध्या वाटेत भेटू. आउट.

१२१५ ला मी इंजेक्शन दिलं. पेटीत ते सकाळपासून होतं. १२३० ला आठ जण स्ट्रेचर घेऊन निघाले, मी नववा, सलाईनची बाटली कोटात छातीशी धरून, गोठू नये म्हणून. सुभेदार साहेब पोस्ट सोडू शकत नव्हते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि इतकंच विचारलं, “तुझे पता था?”

“जी, साब.”

ते थुंकले. माझ्यावर नाही, बाजूला बर्फात.

उतार वाईट होता. चौघं उचलायचे, चौघं दोरानं रोखायचे. १५१० ला आम्ही दम खायला थांबलो तेव्हा नवनाथ शुद्धीवर आला. मी त्याच्या तोंडाशी वाकलो.

“हणमंतराव, कान कोरडा हाय न्हवं?”

“हाय.”

“मंग झालं.”

१६४० ला नाडी लागली नाही. मी वीस मिनिटं छाती दाबत राहिलो. मग एका हवालदारानं मला काखेत हात घालून उठवलं. कॅप्टन साहेब १७०५ ला पोचले. त्यांनी गुडघे टेकून नवनाथचा डावा कान बघितला आणि तोंडावर पांघरूण ओढलं.

पोस्टमॉर्टेममध्ये मेंदूला लागून पू निघाला. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी सगळं सांगितलं, बोटासकट. मला शिक्षा झाली, हवालदार होणं कायमचं राहिलं, आणि सतरा वर्षं भरल्यावर मी नायकच घरी आलो. शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. ती कमी होती.

पण डाळजला काय कळलं? शवपेटीबरोबर गेलेल्या तुकडीनं ‘उंचीवरचा आजार’ सांगितलं, आणि गावानं त्याचं ‘डोंगराची हवा’ करून टाकलं. मरणाचं खरं कारण लिहिलेले कागद आले ते इंग्रजीत, ते ट्रंकेत गेले. हायवेला फ्लेक्स लागला. मी त्या गावाला गेलो नाही. बारामतीहून पुण्याला जायचं झालं तरी मी भिगवण टाळून मोरगावकडून जायचो. भ्यालो होतो, दुसरं काय?

चार वर्षांनी, पेन्शनीवर आल्यावर, त्याच्या पुण्यतिथीच्या श्राद्धाला मी गेलो. घरापुढं मांडव, भाषण करणारे आलेले. मी मांडवाच्या कडेला उभा राहिलो. एक पुढारी बोलत होता, “हिमालयाने आपला वाघ नेला!” माझं डोकं तापायला लागलं. तेवढ्यात माझ्या जवळून एक सहा-सात वर्षांची पोरगी पत्रावळ्या घेऊन गेली आणि मला हीनाचा वास आला.

मी तिच्यामागं गेलो. “बाळ, नाव काय तुझं?” ती वळली नाही. मी पुन्हा विचारलं. नाहीच. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, “ईश्वरी.” डाव्या कानात फाया होता. मी वाकलो. हीनाच्या खाली तो वास होता. तोच.

पंगती उठल्यावर मी नवनाथच्या वडिलांपुढं जाऊन बसलो. त्यांना गाव तात्या म्हणतं. सत्तरीचे, ताठ, डोक्याला पटका. नवनाथची बायको सारिका दारात उभी होती.

“तात्या, पोरीचा कान वाहतोय. आजच डॉक्टरला दाखवायचा.”

“वाहतोय तर काय झालं? ल्हान लेकरांचा वाहतोच. लसनाचं तेल घालतो मी रोज. नवनाथाचा बी असाच ग्येला व्हता.”

“आणि अत्तर?”

“त्याच्या ट्रंकंत बाटली निघाली. बापाचा वास यिऊ दे पोरीला. तुमाला काय तरास हाय?”

मी म्हणालो, “तात्या, नवनाथ हवेनं गेला नाही. त्या कानानं गेला. तो वास झाकायला अत्तर लावत होता. मला माहीत होतं. साहेबांनी विचारलं, कान वाहतो का, आणि मी नाही म्हणालो. म्हणून हेलिकॉप्टर आलं नाही.”

तात्या उठले. मला वाटलं आत जातील. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. म्हातारा हात, पण शेतकऱ्याचा. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली.

“मुडद्या, चार वर्सानी सांगाय आलास व्हय? माज्या हातचं खाऊन? चल, ऊठ हितनं!”

“उठतो. पोरीला घेऊन उठतो.”

“पोरीच्या कानाला हात लावायचा न्हाय! माजा ल्योक डोंगरानं न्हेला. कानानं मरतंय का कोन? फौजी म्हनवतोस आन् तोंड वर करून—”

मीही मग सोडलं नाही. “तुमच्या तेलानं काय झालं बघायचंय का? घाला अजून! घाला, आणि दहा वर्षांनी हिचाबी मांडव घाला!” हे बोललो मी, श्राद्धाच्या दिवशी, बापापुढं. बोलायला नको होतं. पण परत घेत नाही.

सारिका दारातून खाली उतरली. तिनं पोरीचा हात धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “गाडी कुठं लावलीय?”

“सारिके!” तात्या ओरडले.

“तात्या, शाळेत बाई म्हनतात पोरीचं ध्यान न्हाय. मी वर्सभर पोरीला मारतीया ध्यान देत न्हाय म्हनून. मला बगू द्या एकदा.”

मोटरसायकलवर पोरगी मधे, सारिका मागं. भिगवणवरून बारामती, एमआयडीसीसमोरून शहरात. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं. मग पेन उचललं.

“घरात कुणाला असा कानाचा त्रास होता? कान वाहणं, ऑपरेशन?”

तोच प्रश्न. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर मागून आवाज आला.

“व्हता.”

दारात तात्या. कुणाच्या तरी गाडीवर मागोमाग आले होते, पटका हातात, धुळीनं भरलेले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

“हिच्या बापाला. डावा कान. तीन वर्साचा व्हता तवापासनं वाहायचा. भरतीला जाताना मीच म्हनलो, इचारलं तर सांगू नगं. त्यातच ग्येला. लिवा.”

बाईंनी लिहिलं.

ईश्वरीचं नशीब एवढं की रोग अजून कोपऱ्यातच होता, हाड फारसं खाल्लेलं नव्हतं. ऑपरेशन झालं. पडदा नवा बसवला. बाईंनी तात्यांना स्वच्छ सांगितलं, कानात तेल नाही, अत्तर नाही, पाणी नाही, फुगवट्यात पोहणं तर नाहीच, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं. तात्यांनी तेलाची वाटी उकिरड्यावर फेकली असं सारिकानं फोनवर सांगितलं. त्यांनी मला माफ केलं असं मात्र कुणी सांगितलं नाही. केलंही नाही.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी मी पुन्हा डाळजला गेलो. मांडव नव्हता. भाषणं नव्हती. फोटोला हार, खाली त्याची पदकं, आणि फ्रेममध्ये ट्रंकेतला तो इंग्रजी कागद. तात्यांनी मला बस म्हटलं नाही. मी उभाच राहिलो.

“ऐकू येतं का नीट, बघू?” मी विचारलं.

सारिकानं ईश्वरीला अंगणात आणून पाठमोरी उभी केली. मी म्हणालो, “तात्या, उजवा कान तुम्ही धरा. असं, हा उंचवटा आत दाबायचा. पूर्ण. जरासुद्धा ढिला नाही.”

“कळतंय,” ते म्हणाले. पहिला शब्द.

त्यांनी दाबला. बोटाचं नख पांढरं झालं. मी सहा मीटर मोजून मागं गेलो. कुजबुजलो, बत्तीस.

“बत्तीस!”

सतरा.

“सतरा!”

मग मी थांबलो. फोटोकडं बघितलं. लान्स नायक नवनाथ, रेडिओ ऑपरेटर, मिशी कात्रीनं नीट केलेली. मी त्याचं नाव कुजबुजलो.

पोरगी मोठ्यानं म्हणाली, “नवनाथ. माझ्या पप्पांचं नाव हाय ते.”

सारिका पदर तोंडाला लावून आत गेली. टेस्ट संपली होती. मी तात्यांना तसं सांगितलं.

“आजोबा, सोडा की आता,” ईश्वरी म्हणाली. “दुखतंय.”

तात्यांनी बोट काढलं नाही.